लाल ओळींमधला शत्रू

१९ मे २०२५, सोमवार
अ‍ॅडमिशनची वेबसाइट आज पुन्हा कोसळली. प्राचार्य शेषाद्री सार फोनवर म्हणाले, तुळजाराम, तुम्ही आहात तरी कशाला? बघतो सार, म्हणालो. तंजावूरच्या कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने चिडायचं नसतं.

संकल्प: गुन्हेगार पकडायचा. सर्व्हर दिवसभराची हकीकत लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती वाचायला टर्मिनलमधला लॉग व्ह्यूअर आणायचा. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा. खऱ्या माणसांचं काम.

(ही रोजनिशी देवनागरीत. घरात बाकी सगळे तमिळ वाचणारे, दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही, त्यामुळे पासवर्डचा खर्च नाही.)

२० मे, मंगळवार
सकाळी इन्स्टॉल करणार होतो. बायको म्हणाली, यमगंडम् आहे, अशुभ वेळ. थांबलो. मग फिल्टर कापी. मग मीटिंग. दुपारी बसलो तर राहुकाल लागला. तो संपेपर्यंत थांबलो, तर संपताक्षणी वेबसाइटच कोसळली.

कमांड एका ओळीची. ती काही चालेना. शेवटी माझा असिस्टंट मुरली याने स्पेलिंग दुरुस्त केलं. स्पेलिंग म्हणजे ज्ञान नव्हे.

२१ मे, बुधवार
उघडला! काय रंग! काही बिघडलं की ओळ लाल. दुपारी राहुकाल संपला आणि पडदा लालेलाल झाला. डोळ्यांचं पारणं फिटलं. फक्त व्ह्यूअरमधून बाहेर कसं पडायचं ते कळेना. सगळी बटणं दाबली, मग कंप्युटरच बंद केला. मुरली म्हणाला, सार, नुसतं क्यू दाबायचं. म्हटलं, माहीत आहे, पर्याय तपासत होतो.

आमच्या लेकीचा, हरिणीचा अर्ज भरायचा राहिलाय. बारावीला चांगले मार्क आहेत, तिला आमच्याच कॉलेजात कंप्युटर सायन्स हवंय. अप्पांसारखं व्हायचंय, असं म्हणाली. मी उगीच चष्मा पुसत बसलो. एवढंच बजावलं की राहुकालात अर्ज पाठवायचा नाही. संपला की लगेच बटण दाब, नाही गेला तर पुन्हा दाब. चिकाटी महत्त्वाची.

२२ मे, गुरुवार
सापडला! लाल ओळींत एकाच कनेक्शनचा पत्ता, म्हणजे एकच आयपी अ‍ॅड्रेस पुन्हा पुन्हा. राहुकाल संपला रे संपला की येतो, पान उघडतो, पुन्हा उघडतो, सोडतच नाही. असा चिवट माणूस मी पाहिला नाही.

रात्री जेवताना वरलक्ष्मीला सांगितलं. तिचं म्हणणं, यात हॅकर कुठला, सगळं तंजावूरच राहुकाल संपायची वाट बघतं आणि मग सगळ्या आया एकदम बटण दाबतात. हसू आलं. बायकोला लॉग फाइल काय कळणार? एवढं साधं कारण असतं तर लॉग व्ह्यूअर कशाला काढला असता कुणी! एक मात्र खरं: शत्रू पंचांग बघतो. म्हणजे इथलाच आहे.

हरिणी रडकुंडीला आलेली. दुपारपासून बटण दाबतेय, अर्ज जाईना. म्हटलं, पोरी, तुझ्या वाटेतला काटा उद्या काढतो.

२३ मे, शुक्रवार
काढला. शत्रूचा आयपी फायरवॉलमध्ये ब्लॉक. मुरली म्हणत होता, आधी तो कुणाचा ते बघू या सार. त्याला विचारलं, साप दिसला की तू आधी त्याचं आधार कार्ड बघतोस काय?

दुपारी वेबसाइट कोसळली ती कोसळलीच, पण त्या आयपीच्या ओळी गायब. निम्मी लढाई जिंकली.

घरी तक्रार: आता तर पानसुद्धा उघडत नाही. मला सर्व्हररूममध्ये छान उघडतं. तसं सांगितलं. वरलक्ष्मी म्हणाली, सुम्मा, उगीच काहीतरी सांगू नका.

२५ मे, रविवार
हरिणी मैत्रिणीकडे, जननीकडे गेली होती. तिथे पान उघडलं, अर्ज भरून झाला. बटण दाबू का, विचारायला फोन केला. मी ओरडलोच. परक्याच्या वायफायवरून? शत्रू पासवर्ड चोरेल! घरी ये. मुकाट्याने आली. गुणी आहे.

निष्कर्ष: वेबसाइट सगळीकडे उघडते, फक्त आमच्या घरी नाही. म्हणजे शत्रू माझ्यावर वैयक्तिक डूख धरून आहे. मोठ्या माणसाचे शत्रूही मोठे.

२६ मे, सोमवार
शेवटची तारीख. हरिणी म्हणाली, अप्पा, तुमच्याबरोबर कॉलेजात येते, तिथून भरते. स्टाफची मुलगी सर्व्हररूममधून अर्ज भरते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तत्त्व म्हणून काही असतं. घरूनच भर म्हटलं.

संध्याकाळी पोर्टल बंद झालं. अर्ज गेला नाही.

शेषाद्री सारांना विचारलं, कागदी अर्ज चालेल का. ते म्हणाले, कागदी अर्ज बंद करायचा ठराव तुम्हीच आणला होता, तुळजाराम.

हरिणी जेवली नाही.

२८ मे, बुधवार
शत्रू घरात शिरलाय का ते बघायला राउटरची सेटिंग्ज उघडली. वरच आमच्या घराचा आयपी लिहिलेला होता. तो मला पाठ होता.

कॉलेजात जाऊन ब्लॉक काढला. जुना लॉग पुन्हा बघितला. एवढ्या लाल ओळी. पोरीने एकदासुद्धा कंटाळा केला नव्हता.

मुरलीने विचारलं, ब्लॉक का काढला सार? धोरण बदललं म्हणालो.

१६ जून, सोमवार
हरिणीला जवळच्या तिरुवैयारुला वीणेच्या कोर्सला जागा मिळाली. तिथे हाताने लिहिलेला अर्ज चालला. वरलक्ष्मी म्हणते, चांगलंच झालं, कुळात कुणीतरी कलेत गेलं.

पहिला दिवस म्हणून स्टँडवर सोडायला गेलो. दहीभाताचा डबा मीच भरला होता. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून तिने विचारलं, अप्पा, तो हॅकर शेवटी सापडला का? सापडला म्हणालो. कोण होता, असं तिने विचारलं, तेवढ्यात कंडक्टरने शिट्टी मारली.

बस वेळेवर सुटली. तंजावूरच्या बसबद्दल आजपर्यंत जे जे वाईट बोललो ते मागे घेतो.