पिंपाचा सांधा

अण्णा,

शनिवारी दारूच्या पिंपांचा कारखाना बघून आलो. हो, दारूच्याच. तुम्ही जन्मात सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन केलं नाहीत, आणि तुमचा मुलगा सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून व्हिस्की मुरवायची लाकडी भांडी कशी करतात ते बघायला गेला. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटपासून एमआरटीनं शेवटच्या स्टेशनपर्यंत आणि पुढे बसनं, पार बेटाच्या टोकाला, तुआसला. तिथे आणखी पंधरा-वीस रिकामटेकडे जमलेले होते, आणि जो तो मोबाइल उगारून उभा. माहिती सांगायला एक दाढीवाला तरुण होता. त्याच्या अंगात चामड्याचा एप्रन, आणि एप्रनवर औषधालासुद्धा डाग नाही. ओकचं लाकूड श्वास घेतं, लाकडाला सगळं आठवतं, असं तो डोळे मिटून सांगत होता आणि लोक माना डोलावत होते. मला तिथे तुमची आठवण झाली. तुम्ही असतात तर भर सभेत म्हणाला असतात की लाकूड श्वास घेत नाही, ते फुगतं आणि आक्रसतं, श्वास घेतो तो सुतार, आणि तोही काम संपल्यावर. तुम्ही नव्हतात, म्हणून मी नुसताच हसलो. हसलो ते त्या पोराला दिसेल असं हसलो.

गेलो होतो तुमच्या नातीमुळे, माझ्या लेकीमुळे. तुम्ही तिला शेवटची पाहिलीत तेव्हा ती पाच वर्षांची होती, तुमच्या रंध्याच्या सालपटांच्या बांगड्या घालून फिरायची. आता चोवीस वर्षांची आहे. इथल्या विद्यापीठातून इंजिनिअर झाली, अलेक्झांड्रा रोडच्या बाजूला काचेच्या इमारतीत नोकरी लागली, दोन वर्षं केली आणि सोडली. तिला पिंपं करायची आहेत. सहा महिने दर शनिवारी ती तिथे शिकायला जात होती, आणि आम्हाला सांगत होती की पोहायला जाते. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मुलीला इंजिनिअर केलं ते काय दारूचे ड्रम ठोकायला? आमच्या ओळखीतली मराठी माणसं सगळी बँकेत, नाहीतर कुठल्यातरी लॅबमध्ये. गणपतीला एकत्र जमलं की कुणाचं पोर कुठे लागलं याची उजळणी होते. तिथे काय सांगायचं हा आमच्या घरातला मोठा प्रश्न. सोमवारी ती तिथल्या कामाच्या कागदावर सही करणार होती. मला म्हणाली, "परमिशन नको बाबा. जस्ट कम अँड सी, कॅन?" तिनं स्वतः केलेल्या पहिल्या पिंपाची त्या दिवशी पाण्याची परीक्षा होती. मी बघावं एवढंच तिला हवं होतं. आणि मी गेलो तो बघायला नाही, खोड काढायला गेलो, हे तुमच्यापासून काय लपवायचं.

खोड काढायला मी कुठे शिकलो तेही तुम्हाला माहीत आहे. साताऱ्याच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही दिवसभर दोन कामं करत होतात, लाकूड तासायचं आणि दुसऱ्याला तासायचं. शेजारच्या आळीतला सुतार तुमच्या लेखी खिळेठोक्या. प्लायवूड म्हणजे लाकडाचं उष्टं. मी इथे पहिला फ्लॅट घेतला तेव्हा भिंतीत बसवलेल्या कपाटांचा फोटो पाठवला, तर तुम्ही उत्तरात एवढंच लिहिलंत की पुठ्ठ्याचं घर छान आहे, पावसात जपा. पण सगळ्यांत जास्त थुंकायचात ते लांबी भरणाऱ्यांवर. भुसा आणि सरस कालवून सांध्यातली भेग बुजवणारा माणूस तुमच्या दृष्टीनं चोरापेक्षा खालचा. चोर निदान पळून तरी जातो, म्हणायचात.

मी चौदा वर्षांचा होतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी स्टूल केलं होतं, माझं मी, तुमची हत्यारं वापरून. एका पायाचा सांधा जरासा ढिला राहिला, सुताभर. मी बारीक भुसा चाळून घेतला, सरस कालवला, भेग भरली, घासली, वरून पॉलिश मारलं. कुणाला दिसली नसती. तुम्ही स्टूल हातात घेतलंत, खिडकीकडे धरलंत. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. तुम्ही ते आधण उचललंत आणि त्या सांध्यावर ओतलंत. सरस विरघळला, आणि माझी लांबी शिळ्या पिठल्यासारखी जमिनीवर गळली. गिऱ्हाइकं हसली. तुम्ही हसलासुद्धा नाहीत. म्हणालात, "तुझा हात खोटा आहे." त्यानंतर मी शेडमध्ये पाऊल टाकलं ते जेवणाचा डबा द्यायलाच. कॉमर्सला गेलो, मग मुंबई, मग इथे हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत, दुसऱ्यांच्या मालाचे कागद सांभाळायला. आज माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि त्यातलं एकही मला आवडत नाही. तुमचंच रक्त.

तर कारखाना. तुम्हाला तो आवडला असता, म्हणून सांगताना राग येतो. फळ्या अमेरिकेतून येतात, मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या. तीसेक फळ्या एका लोखंडी पट्ट्यात गोल उभ्या करतात, वाफेनं मऊ करतात, दोर आवळून खालची उघडी तोंडं एकत्र ओढतात. मग आत आग पेटवतात, आणि पिंप आतून कोळशासारखं काळं होतं. खिळा नाही, सरस नाही. नुसता फळीला फळीचा दाब आणि बाहेरून पट्टे. मी प्रत्येक पिंपाच्या सांध्यावरून बोट फिरवत चाललो होतो, तुम्ही लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून फिरवायचात तसं. बोटाला काही लागत नव्हतं. मला ते आवडत नव्हतं.

मग एका बाकावर सापडलं. तिथला मुख्य कारागीर, सत्तरीचा चिनी म्हातारा, ज्याला सगळे नुसतं अंकल म्हणतात, पिंपाचं बूड जोडत होता. आणि दोन फळ्यांच्या मधे तो लव्हाळ्याची सुकी पात घालत होता. पट्टीसारखी, सबंध सांध्याच्या लांबीची. माझ्या अंगात चौदा वर्षांचा मुलगा आणि तुम्ही, दोघंही एकदम उठून उभे राहिलात. मी मोठ्यानं इंग्रजीत म्हणालो की आमच्याकडे याला भेग बुजवणं म्हणतात, आणि माझे वडील असल्या माणसाला दारात उभं करत नसत. दाढीवाल्याचे डोळे उघडले. लोकांनी मोबाइल माझ्याकडे वळवले. तुमच्या नातीनं मान खाली घातली. अंकलनं पात मांडीवर ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिला विचारलं की युअर फादर कारपेंटर आह? ती म्हणाली की नाही, आजोबा होते. मग त्यानं मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. कपाट एका जागी उभं राहतं. पिंप लोळतं, तापतं, निवतं, त्याच्यात दहा-वीस वर्षं काहीतरी भरलेलं असतं. लाकूड आज फुगेल, उद्या आक्रसेल. कितीही चांगला सुतार असो, त्याला ते थांबवता येत नाही. पात ओली झाली की फुगते आणि लाकडाबरोबर हलते. ही पात भेग लपवायला नसते, भेग पडणारच हे धरून घातलेली असते. मी घड्याळात पाहिलं.

तिच्या पिंपाची पाळी आली. आत गरम पाणी ओतलं, हवेचा दाब दिला, लोळवलं, उभं केलं. सगळे गोल करून उभे. ती माझ्या समोर होती, हात एप्रनला पुसत. आणि बुडाच्या एका सांध्यातून पाण्याचा थेंब आला. मग दुसरा. गरम पाणी, अण्णा, आणि भोवती माणसं. अंकलनं वाकून पाहिलं आणि ओठ वाकडे करून म्हणाला, "लीक नेव्हर माइंड. डोन्ट नो व्हेअर लीक, दॅट वन प्रॉब्लेम." म्हणजे गळलं तर गळू दे, कुठून गळतंय ते कळलं की झालं. तिनं हसून हातोडी उचलली, पट्टा सैल करायला. ती हसली, तेच मला सोसलं नाही. मी मराठीत म्हणालो, म्हणजे फक्त तिलाच कळेल:

"तुझा हात खोटा आहे."

तिनं हातोडी खाली ठेवली. रडेल असं वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट इव्हन युअर लाइन." स्टुलाची गोष्ट मी तिला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितली आहे, तुमच्या आवाजात, आधण ओतायच्या अभिनयासकट, की तिला वाक्याचा मालक माहीत होता. मग तिनं पाठ वळवली, पट्टा काढला, फळी सैल केली, पात घातली, पुन्हा ठोकलं. अर्ध्या तासानं परत पाणी भरलं. सगळे गेल्यावर मी बुडावरून बोट फिरवलं. कोरडं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. परतीच्या बसमधे ती माझ्या पुढच्या सीटवर बसली, शेजारची जागा रिकामी असताना.

रविवारी ती खोलीतून बाहेर आली नाही. सोमवारी ती सही करायला जाणारच होती, माझ्याशिवाय, आणि मग घरात माझ्याशी जेवणापुरतं बोलली असती. मी तुमच्याशी बोलायचो तसं. ते मला नको होतं, एवढंच मला ठाऊक होतं. दुपारी मी तिला हाक मारली आणि तुमचं देवघर भिंतीपासून ओढायला हात लाव म्हणालो. मी इथे यायच्या वेळी तुम्ही केलेलं सागवानी देवघर, ज्याच्या सांध्यातून उजेडसुद्धा जात नाही असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ती आली. आम्ही ते वळवलं. मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात, वरून खालपर्यंत, एक रेघ आहे. तिनं बोट फिरवलं, नखानं खरवडून पाहिलं. आता तिला कळतं. म्हणाली की फिलर आहे, भुशाचा, जुना. "हे आजोबांनी केलं?"

"मी," म्हणालो.

तिनं रेघेवर अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाली, "नीट बसलंय लाह." आणि देवघर परत लावायच्या आधी आतून फडकं आणून मागची धूळ पुसली. सोमवारी मी तिला तुआसच्या बसपर्यंत सोडून आलो. अंकलला सॉरी म्हण असं तिनं सांगितलं आहे. बघू.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. देवघराच्या खालच्या खणात ठेवतो, तुमच्या जपमाळेखाली. लोकांना मी अजूनही तुच्छ समजतो, त्या दाढीवाल्याला तर नक्कीच. एका कारखान्यानं माणूस सुधारत नसतो. पण एक सांगायचं राहिलं. इथे एसी आहे, हवा कोरडी पडते, सागवान आक्रसतं. तुम्ही दर दिवाळीला फोनवर आधी देवघराची चौकशी करायचात, माझी नंतर. सांधा उघडला नाही ना, विचारायचात, आणि मी म्हणायचो, नाही अण्णा, जसाच्या तसा आहे. आठ वर्षं म्हणालो.

उघडला होता, अण्णा. पहिल्याच वर्षी.