बाळाचं नाव

अकोला, शके १७८६

मेहुणे यादवराव यांस रामराम.

बाळ गेल्यापासून तुमची बहीण भागीरथी जेवत नव्हती. मी दिवसभर कापसाच्या बाजारात. औषधं तेवढी आणत होतो. परवा बार्शीटाकळीचे वैद्यबुवा आले. नाडी पाहिली आणि विचारलं, "बाई, लेकराचं नाव काय होतं?"

घरात ते नाव कोणी काढत नव्हतं. ती म्हणाली, "नागो." मग पोटभर रडली, बोलली. बुवांनी सारं ऐकून घेतलं. जाताना मला म्हणाले, "औषध देत राहा, पन हिच्यापाशी बसत जा."

मी बसू लागलो. काल तिनं भाकर मागितली. आत्ता हे लिहिताना म्हणाली, "दादाले पत्र कायले? मीच जातो ना अमरावतीले!"

म्हणून हे धाडत नाही. बंडी जुंपली आहे, भागीरथी हाका मारून राहिली.

तुमचा,
किसन