छापखान्यात वाचलेलं वाक्य

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या गोष्टींच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ आज हातावेगळं केलं. पद्धत नेहमीचीच. मास्तर बाईंचे हाताने लिहिलेले कागद मोठ्याने वाचणार, मी छापील कागदावर बोट फिरवत ऐकणार. डोळा फसतो, कान फसत नाही. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता छापखान्याचा मालक झालो तो या कानांच्या जिवावर. मशीनचा कुठला स्क्रू ढिला झालाय ते मी वर माडीवर जेवताना सांगतो. ही म्हणते, माझं बोलणं तेवढं ऐकू येत नाही!

शेवटची गोष्ट म्हातारीची. तिचा मुलगा गेलाय आणि ती देवाशी भांडते. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण वाचायला लागले की अजून वर्गातच असतात. आज असं काही वाचलं की माझं बोट जागच्या जागी थांबलं. बाकावर काचवाला त्याच्या पावतीपुस्तकांसाठी बसला होता. मध्येच उठून गेला — पुस्तकं न घेताच. घाई असेल.

मंगळवार, ५ मार्च

मास्तरांना पोलिसांनी नेलं. इथूनच, खुर्चीवरून उठवून. काचवाल्याची तक्रार — छापखान्यात बसून चारचौघांत देवाधर्माची निंदा केली. (चारचौघे कुठले? मी आणि तो!)

फौजदारांना विचारलं, नेमकं काय बोलले म्हणे? त्यांनी कागद दाखवला. शब्दांच्या जागी नुसती टिंबं. "ते लिहिता येत नाही शेठ. लिहिलं तर तोच गुन्हा माझ्या हातून होतो." हसावं की रडावं कळेना. मास्तर जाताना एवढंच म्हणाले, घरी सांगा, जेवायला थांबू नका.

जीप वळली तसं दार लावून घेतलं. बाईंचे कागद, प्रुफं, सगळं चुलीत. जुळवलेला मजकूर मोडून खिळे परत खणांत टाकले. तासाभरात पुस्तक होत्याचं नव्हतं झालं. पुरावाच नाही तर खटला कसला! स्वतःवर खूश होऊन चहा प्यालो.

बुधवार, ६ मार्च

झडती झाली. काही मिळालं नाही. मिळणार कुठून!

गुरुवार, ७ मार्च

वकिलांकडे गेलो. पहिलाच प्रश्न — "मूळ कागद कुठे आहेत?" त्यांचं म्हणणं, ते कागद कोर्टापुढे ठेवले की काम झालं. हस्ताक्षर मास्तरांचं नाही, बोलणं गोष्टीतल्या म्हातारीचं, मास्तरांचा फक्त आवाज.

चुलीत घातले म्हणून सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फार हुशारी केलीत."

आता ते शब्द मास्तरांचेच. मीच त्यांना चिकटवले.

शुक्रवार, ८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दुसरी प्रत नाही. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. कुणाच्या तरी पोराचा घसा तपासता तपासता म्हणाल्या, मी येते, गोष्ट माझी आहे म्हणून सांगते. वकिलांना हे सांगितलं तर त्यांनी हात जोडले — कागदाशिवाय तुम्ही आलात तर एकाचे दोन आरोपी होतील, सुटणार कोणीच नाही. मास्तरांनीही मुलीकडून निरोप पाठवलाय. बाईंना अडवा, दवाखाना बंद पडेल.

रविवार, १० मार्च

बाजारात सगळे मास्तरांवर चिडलेत. आणि जो तो मला कोपऱ्यात घेऊन कानाशी विचारतो — पण म्हणाले काय हो ते? न्हाव्याने तर अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला. शब्द एकालाही माहीत नाही, राग मात्र प्रत्येकाचा पक्का.

काचवाला समोरून आला. नमस्कार केला त्याने. माझेही हात जुळले. आपोआप!

गुरुवार, १४ मार्च

उद्या माझी साक्ष. वकील म्हणाले, काचवाल्याशिवाय ऐकणारे तुम्ही एकटेच. ते वाक्य कोर्टात जसंच्या तसं सांगा, म्हातारीचं आहे म्हणून सांगा. ऐकल्यावर दगडालाही राग येणार नाही. "पण उच्चारलंत तर तुमच्यावरही कलम लागू शकतं. मी भरीला पाडणार नाही."

हिला सांगितलं. ही माझ्या शर्टाची बटणं तपासत बसली.

वाक्य इथेही लिहीत नाही. वही माझी, कपाट माझं, किल्ली माझी. तरी हात धजत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

काचवाल्याला न्यायाधीशांनी विचारलं, शब्द काय होते? त्याचा वकील उठला — पुन्हा उच्चारणं म्हणजे पुन्हा निंदा. मान्य झालं. मग काचवाल्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, तोंड वाकडं केलं, घडी घालून फायलीत ठेवलं. आमच्या वकिलांना बघायलाही दिलं नाही.

मग मी. "तुम्ही काय ऐकलंत?"

मागे गच्च माणसं. श्वाससुद्धा ऐकू येत होते मला, एकेकाचे.

म्हणालो, "मशीन चालू होतं साहेब. नीट ऐकू आलं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गावाला माझे कान ठाऊक आहेत. आणि प्रूफ वाचताना मशीन मी नेहमी बंद ठेवतो, तेही ठाऊक आहे. मास्तरांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. चूक बरोबर दुरुस्त केली की हलवतात, तशी.

शनिवार, १६ मार्च

मास्तरांची मुलगी आली होती. "काका, तुम्ही बरं केलंत. बाबाच म्हणाले, दोघं आत जाऊन काय होणार?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २२ मार्च

तीन वर्षं. मास्तर अडुसष्टचे आहेत.

गुरुवार, २८ मार्च

कोर्टातला कारकून फॉर्म छापायला आला होता. जुना ओळखीचा. इकडेतिकडे बघत म्हणाला, फाईल लावताना ती चिठ्ठी वाचली. काय होतं तेही कानात सांगितलं. घाण. असलं मास्तरांच्या तोंडून कधी निघालं नाही, बाईंच्या कागदात नव्हतं. मी खरं वाक्य बोललो असतो तर चिठ्ठी तिथल्या तिथे खोटी पडली असती.

खरं वाक्य हे — "माझं पोर नेलंस, आता माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

एवढंच. मी नीट ऐकलं होतं.