सडक्या चित्राला दिलेला आवाज

आबा, तुमच्या मुलावर सध्या घोर अन्याय चालू आहे, तो आधी ऐकून घ्या. सुरतेत भेस्तानच्या या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बाई बरोबर अकराला मिक्सर लावतात आणि माझी रेकॉर्डिंगची वेळही अकराचीच. त्यामुळे दोन वर्षं मी कपड्यांच्या कपाटात गोधडी पांघरून, घामाघूम होऊन कलेची सेवा करतो आहे. बाईंना त्याचं काही नाही. त्यांना चटणी महत्त्वाची.

माझा उद्योग तुम्हाला माहीत नाही. इंग्रजी सिनेमांचे तुकडे घ्यायचे, त्यातल्या साहेबांच्या तोंडी आपली अहिराणी घालायची आणि मोबाइलवर सोडून द्यायचे. सुरतेपासून धुळ्यापर्यंत लोक हसतात. सध्या गाजतोय तो एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरच्या सिनेमाचा तुकडा. एक देखणा तरुण वाट्टेल ती पापं करतो, तरी त्याचा चेहरा कोवळाच राहतो. माळ्यावर लपवलेलं त्याचं चित्र मात्र त्याच्या वाटचं म्हातारं होतं, सडतं. ही गोष्ट कितीदा तरी पडद्यावर आली. दर वेळी दिग्दर्शक त्या तरुणावरच भाळतो. चित्राच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, त्यातही पाप कमी आणि मेकअप जास्त. मी त्या चित्राला बोलायला लावलं. कापडाच्या लूमच्या खडखडाटावर चढवलेला, फाटका, खरखरीत आवाज दिला : “पाप तू करस, अन् सुरकुत्या माले?” लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. हळदीच्या कार्यक्रमातसुद्धा म्हणतात.

काल ताई कोसाडहून आली. मी चहा टाकला, तिनं मोबाइलवर तो तुकडा लावला. ती आता हसेल, मग हसेल, म्हणून मी गॅसकडे तोंड करून वाट बघत होतो.

“हाऊ ते आबास्ना आवाज शे,” ती म्हणाली.

“अवं ताई, गंमत शे ती.”

“आबास्ले सडेल चित्रामा बसाडं तू? बरं, ते र्‍हाऊ दे. त्या मुलाखतमा काय सांगं? शेजारना बहिरा म्हातारा?”

चहा उतू गेला. मी बघत राहिलो, गॅस बंद करायचं सुचलं नाही. तिच्या हातात तुम्ही ओरडतच होतात.

खरं आहे, आबा. केसांना कलप लावून, नवा झब्बा घालून मी त्या मुलाखतीला बसलो होतो. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, हा आवाज कुठून आणलात? आणि मी म्हटलं, आमच्या शेजारी एक बहिरा म्हातारा राहायचा. जीभ जराही अडखळली नाही. जगाच्या ढोंगावर तोंडसुख घेणारा मी, बापाला शेजारी पाठवून मोकळा झालो, वर पाणीही प्यायलो. काल ताईच्या तोंडून ते ऐकेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. याचाच जास्त धक्का बसला आहे.

आणि ताईला अर्धंच माहीत आहे. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. लूमला सुट्टी, तुमच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, सकाळचा शो. त्याच कादंबरीवरचा जुना काळापांढरा सिनेमा. इंग्रजी तुम्हाला येत नाही, मला तर नाहीच. चित्रावरचा पडदा सरकतो आणि तुम्ही मला समजावं म्हणून चित्राच्या वतीनं बोलता : “पाप तू करस, अन् सुरकुत्या माले?” लूमनं कान खाल्लेले, आपण किती मोठ्यानं बोललो हे तुम्हाला कळत नाही. अख्खं थिएटर हसतं. मागून कुणी ओरडतं, “काका, फरीथी बोलो ने!” तुम्ही खुशीत पुन्हा म्हणता. माझ्या नावावर गाजणारं वाक्य, आबा. मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही.

आज सकाळी त्या तुकड्याखाली लिहिलं : चित्राचा आवाज आणि वाक्य माझ्या वडिलांचं, ते लूमवर होते, मुलाखतीत मी खोटं बोललो. तिथं फारसं कुणी वाचत नाही. तरी लिहिलं, आणि ताईला फोन करून वाचून दाखवलं. तिनं नुसतं “हं” म्हटलं.

तुम्ही गेलात तिथं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढंही सांगून टाकतो. त्या शोला मध्यंतरानंतर मी मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो, पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे दिसत नाही असं तुम्हाला सांगून. आबा, तुमच्या शेजारी बसलो होतो तिथं माझ्या पुढची खुर्ची रिकामी होती.