डावा कान मैफलीत वाजला त्याची हकीकत

ती. ताई,

तुझ्या दोन्ही पायांना साष्टांग नमस्कार. त्यातल्या प्लास्टरमधल्या पायाला जरा लांबूनच. खाज कमी झाली का? विणकामाची सुई प्लास्टरमध्ये घालू नका असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू ती रोज घालतेस, हे भाच्याकडून कळलं. (त्याला रागावू नकोस. मी खोदून खोदून विचारलं म्हणून तो बोलला.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. पडद्यांचं दुकानही बरं चाललंय.

तू जिन्यावरून पडलीस म्हणून तुझे संगीत महोत्सवाचे पास आम्हाला मिळाले. ‘पडलीस ते फार बरं केलंस’ असं लिहायला हात धजत नाही, पण मनापासून आभार मानायचे तर दुसरं काय लिहू, तेही सुचत नाही. तेव्हा या पत्रात जिथे जिथे आभार येतील तिथे पायाबद्दल सहानुभूतीही आहे असं समज.

माझ्या कानाचं तुला ठाऊकच आहे. ऐकायचं यंत्र केव्हाच आणलं होतं, पण ते मोज्यांच्या खणात सुखाने नांदत होतं. दुकानात एक बाई ‘पिवळा नको’ म्हणाल्या आणि मी अख्ख्या बैठकीच्या खोलीला पुरेल एवढा पिवळा कापला, तेव्हापासून माणसांत जाणंच नको वाटायला लागलं. घरातही बोलणं आटत गेलं. तुझी भावजय एकदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगायची, तिसऱ्यांदा ‘जाऊ दे’ म्हणायची. आणि ते ‘जाऊ दे’ तेवढं मला लख्ख ऐकू यायचं. हे लिहितोय गमतीत, पण ताई, ते गमतीचं नव्हतं. एका टेबलावर समोरासमोर जेवायचं आणि आवाज फक्त चमच्यांचा, तोही मला येत नव्हता. यंत्र घातलं तरच पास वापरायचे, अशी तू अट घातलीस म्हणून ते एकदाचं कानात गेलं.

पत्रकावर ‘साहसी शास्त्रीय संगीत’ असं छापलं होतं. मला वाटलं, शास्त्रीय संगीतात साहस ते काय असणार, फार तर पहिल्या रांगेत बसून जांभई देणं. पण सकाळचा पहिला कार्यक्रमच एका रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात होता. श्रोत्यांनी तळाशी चटयांवर उताणं पडायचं, व्हायोलिनवाले काठावरून फिरत वाजवणार आणि उडी मारायच्या फळीवर एक बासरीवाली बाई उभी. आमची चटई नेमकी उताराच्या जागी. सूर चढायला लागले तसा मी घसरायला लागलो. संगीत उंच चाललंय आणि मी खोल. तुझ्या भावजयीने माझी बाही धरून ठेवली होती, पण शेवटी बाहीच्या शिवणीने दगा दिला आणि मी अगदी शांतपणे, डोळे मिटून ऐकणाऱ्या एका वकीलसाहेबांच्या पायांशी जाऊन टेकलो. त्यांनी डोळे न उघडता पाय आखडून घेतले. इतका सुसंस्कृत माणूस मी पाहिला नाही.

दुसरा कार्यक्रम गाड्या लावायच्या बहुमजली इमारतीत होता. वादक वेगवेगळ्या मजल्यांवर चालत वाजवतात आणि आपल्याला आवडेल त्याच्या मागे आपण जायचं. आम्ही एका उंच, गंभीर गृहस्थांना निवडलं. त्यांच्या खांद्याला लांबलचक काळी पेटी होती. ते मजल्यामागून मजले चढले, आम्ही मागे. ते थांबले की आम्ही थांबायचो. आणखी काही लोक आमच्या मागे आले. अखेर सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांनी पेटी उघडली, आतून मासे पकडायच्या काठ्या काढल्या, मोजून गाडीत ठेवल्या आणि आमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत निघून गेले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही वाजवल्या; उगाच अडाणी दिसायला नको.

आता खरी हकीकत. दुपारी एका नाटकगृहाच्या सामानाच्या गोदामात चेलोवादन होतं. (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खाली टेकवून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात.) श्रोत्यांना बसायला नाटकातल्याच खुर्च्या. मला राजाची मिळाली, उंच पाठीची आणि दोन्ही बाजूंना मखमली कान असलेली. वाजवणाऱ्या बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी इतकं हळू सुरू केलं की गज तारांवर टेकलाय की नुसता जवळ नेलाय तेही कळेना. मी रेलून बसलो. आणि वरच्या पट्टीत एक बारीक, सरळ, चांदीच्या तारेसारखा सूर सुरू झाला. वा! मी मान डोलावली. सूरही डोलला. काय हे बारकावे, असं मनात म्हणतोय तोच तुझी भावजय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अहो, तुम्हीच वाजताय.”

यंत्र खुर्चीच्या मखमलीला लागलं की शिट्टी मारत होतं! सगळं गोदाम छताकडे बघत होतं. माझ्या पुढचे दाढीवाले गृहस्थ शेजारणीला सांगत होते की हे वाद्य त्यांनी परदेशात ऐकलंय. आता यंत्र उपटून खिशात टाकायचं, घरी जायचं आणि पुन्हा कधीही कुठे जायचं नाही, असं ठरवून मी हात वर नेला. तुझ्या भावजयीने मनगट धरलं.

“राहू द्या. त्या ऐकतायत.”

खरंच, बाई थांबल्या होत्या. गज हवेत, मान तिरकी. मग त्यांनी खालचा एक जाड, उबदार सूर काढला आणि तो माझ्या शिट्टीखाली असा सरकवला, जसं कुणी झोपलेल्याच्या डोक्याखाली उशी सारावी. मी घाबरून मान हलवली, शिट्टी चढली, त्याही चढल्या. मी सरळ बसलो, शिट्टी थांबली. त्याही थांबल्या, आणि वाट बघत राहिल्या. ताई, सगळं गोदाम माझ्या डाव्या कानाची वाट बघतंय असा प्रसंग आयुष्यात पुन्हा येणार नाही. तुझी भावजय हळूच म्हणाली, “टेका.” मी टेकलो.

किती वेळ चाललं कोण जाणे. संपल्यावर बाईंनी विचारलं, तो सूर कुणाचा? लोक छतावरचे पाइप दाखवायला लागले. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, पण पाय आपोआप उभे राहिले. म्हटलं, “माफ करा, तो माझा कान होता.”

कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, “मी वाजवलेलं ऐकू आलं का तुम्हाला?”

“सगळं,” मी म्हणालो.

मग त्या म्हणाल्या की कुणीतरी मध्ये बोलावं म्हणूनच मी हे एवढं हळू वाजवते. पण लोक घाबरून खोकतसुद्धा नाहीत. आज पहिल्यांदा कुणी बोललं. एवढं म्हणून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला नाही, कानाला. दाढीवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

चालत घरी आलो. वाटेत तुझी भावजय पुटपुटत होती. आधी वाटलं स्वतःशीच. नीट ऐकलं तर बोलणं माझ्याशी चाललं होतं: राजाच्या खुर्चीत बसले तरी चेहरा उधारी मागायला आलेल्यासारखा, वगैरे. मला फस्सकन हसू आलं. ती रस्त्यातच उभी राहिली. “ऐकू आलं?” म्हणाली. मग कळलं, ती असं रोजच बोलायची. मला ऐकू येत नसताना, भाजी चिरताना, दिवा मालवताना. ‘जाऊ दे’ म्हटल्यावरसुद्धा. बोलणं तिने थांबवलंच नव्हतं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोलत होतो, बऱ्याचदा एकाच वेळी. हे तुझ्यामुळे झालं, ताई. तुझ्या त्या मोडक्या पायाला माझे आभार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – पुढच्या वर्षीचे पास काढशील तेव्हा तीन काढ आणि कठडा धरून उतर.

ता. क. २ – एवढं लांब पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो, राग मानू नकोस. हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. ताई, तू फोनवर फार ओरडतेस. पूर्वी मला ते मायेचं कुजबुजणं वाटायचं. आता समोरच्या इमारतीतले लोक मला तुझ्या खाजेबद्दल विचारतात. तेव्हा यापुढे कृपया हळू बोल. मला सगळं ऐकू येतं.

ता. क. ३ – ताई, मी तुमची भावजय लिहितेय. पत्र लिहिताना लक्ष लागत नाही म्हणून यांनी यंत्र काढून ठेवलंय. तुमचा फोन मघापासून वाजतोय आणि हे वर ‘सगळं ऐकू येतं’ लिहून समाधानाने बसलेत. तुम्ही आपल्या ओरडतच जा.