तुझं चीज मी खाल्लं

शेफशावेन, मंगळवार

लाडक्या शामास,

रहीमो मावशीचे पोटभर आशीर्वाद. अल्लाहच्या कृपेने गुडघे सोडून माझं सगळं ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे? पाय सुजतात का? आठव्या महिन्यातही जावईबापू तुला जिने चढायला लावतात का? (त्यांना माझा सलाम, आणि जिन्याचं विचारलंय ते मोठ्याने वाचून दाखव.)

शामा, तुझं चीज बसने आलं नाही आणि ते वाटेत हरवलंही नाही. ते मी खाल्लं. दोन्ही वड्या, उभ्याने, ड्रायव्हरच्या देखत. रुसायच्या आधी पुढचं वाच.

झालं असं, की काल बाजारात मन्नानाकडून (तीच, डोंगरावरून शेळीचं चीज घेऊन उतरते ती) ताडाच्या पानात बांधलेल्या दोन वड्या घेतल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात शिरले. नर्स नजियाने टोपलीत डोकावून कुणासाठी म्हणून विचारलं. मी आपली कौतुकाने, भाचीला डोहाळे लागलेत म्हणाले, तर तिने टोपलीच धरून ठेवली. म्हणे कच्च्या दुधाच्या चीजमध्ये एक जंतू असू शकतो. धडधाकट माणसाला तो फारसा जाणवत नाही, गरोदर बाईलाही नुसता बारीक ताप, अंगदुखी, पडशासारखं. पण तो बाळापर्यंत पोचतो. फ्रिजमध्ये मरत नाही मेला, उलट वाढतो! दूध उकळलं की मात्र मरतो. मी ऐकून घेणार होय? म्हटलं, "अगं, आमच्या सात पिढ्या हेच खात आल्या." तर म्हणते, "मावशी, ज्यांना बाधलं ते सांगायला आलेत का?" शेवटी मी तिचं ऐकलं. (मी कुणाचं ऐकत नाही, हे तुला ठाऊक आहे.)

चीज परत करायला गेले तर मन्नाना कडाडली, "माझ्या शेळ्यांवर आळ घेतेस? वर पोटुशीच्या तोंडचा घास काढतेस? पोराच्या गालावर वडीएवढा पांढरा डाग उठेल, मग तोंड कुठे लपवशील?" सगळ्या बायका तिच्याच बाजूच्या. एकीने तर टोपली माझ्या हातातून ओढून थेट बसमध्ये नेऊन ठेवली. ड्रायव्हर हम्मू स्वतः पाच पोरींचा बाप. "डोहाळ्यांचं सामान ना? जिवापाड नेतो!" म्हणत त्याने गाडी सुरूच केली. कुणाकुणाला समजावत बसू? चढले, पान सोडलं आणि खायला लागले. सगळी बस बघत होती. एका म्हातारबाबांनी तर कोरडं जातंय म्हणून पाव पुढे केला. (चव फार छान होती. हे लिहायला नको होतं.) नजियाला कळलं तेव्हा ती आणखीच भडकली, सदुसष्टाव्या वर्षी मलाही ते वर्ज्य आहे म्हणे. आता माझा ताप बघायला रोज घरी येणार म्हणे. आज आली ती चहा पिऊन गेली.

राहिलं डागाचं. डोहाळे अपुरे राहिले की आई जिथे हात लावेल तिथेच बाळाला डाग उठतो म्हणतात, तर चीजची आठवण झाली की गालाला हात लावू नकोस. खाजवायचंच झालं तर बसायच्या जागी खाजव, तिथला डाग कोण बघायला जातंय!

तुझ्या वाटचं खाणारी,
रहीमो मावशी

ता. क. शुक्रवारी मी येतेय, पातेलं आणि कोरं फडकं घेऊन. तुझ्या डोळ्यांदेखत दूध उकळून चीज लावीन, तिथल्या तिथे ताजं खा. बाळंतपणापर्यंत राहीन म्हणते. सासूबाईंना बेताने सांग. तोवर जराशी कणकण वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, माझी वाट बघू नकोस.

ता. क. आणखी एक. हे फोनवर मला बोलता आलं नसतं. माझ्या यहियाचं तुझ्या आईने तुला कधी सांगितलं नसेल. मलाही आठव्या महिन्यात हेच डोहाळे लागले होते आणि घरादाराने हौसेने पुरवले. मग दोन दिवस कणकण. नजिया म्हणते, इतक्या वर्षांनी कारण काय ते सांगता येणार नाही. नसेल येत. पण मी त्याला नीट बघितलं होतं, शामा. अंगावर कुठे एक डाग नव्हता. तुझं बाळ गालभर डाग घेऊन आलं तरी चालेल, रडत आलं पाहिजे.