पाय धुवायचं पाणी

२२ एप्रिल २००३, मंगळवार

आमच्या टेकडीवरच्या वाडीला बंधारा मिळणार नाही. निधीच्या यादीतून नाव गळालं, हे सांगायला ग्रामसेवक आज दुपारी चढण चढून आले. अहवालात लिहिलंय, ‘वाडीत पुरेसे पाणी आढळले.’

कुठं आढळलं? माझ्या दारात, त्या हंड्यात. मागच्या महिन्यात पाहणीचे साहेब आले तेव्हा मीच तो भरून ठेवला होता. टँकरचं पाणी, दोन दिवस कुणाला आंघोळ करू न देता राखलेलं. साहेबांनी पाय धुतले, तोंड धुतलं, चहा घेतला. शेजारचे रहीमचाचा तेव्हाच हळूच म्हणाले होते, “वहिनी, हंडा रिकामा दाखवायचा व्हता.” मला त्यांचा रागच आला. उन्हातून आलेल्या माणसाला रिकामा हंडा दाखवू? मी पंचायतीची सदस्य, आणि एवढं कळलं नाही मला?

“पुन्हा पाहणी कधी?” मी ग्रामसेवकांना विचारलं.

“आता न्हाई व्हायची, वहिनी. निधी वाटून झाला.”

ग्रामसेवक घामाघूम होऊन पायरीवर बसले होते. मी आत गेले, हंडा कलता केला आणि त्यांना पाय धुवायला तांब्या भरून आणला. हंड्यात तेवढंच होतं.